परदेशातली रेल्वे: निघण्याआधी घरात एवढे बोलून घ्या

आंजी (मोठी) गावाला रेल्वे स्टेशन नाही. आर्वी रोडवरून बसने वर्धा गाठायचे, मग वर्धा जंक्शन नाहीतर सेवाग्राम. गावातला मुलगा दुबईला नोकरीला निघाला की अम्मी लोणच्याची बरणी बांधून देते, अब्बा पासपोर्टची झेरॉक्स बॅगेत ठेवतात आणि विमानात काय करायचे, काय नाही, हे सगळे नातेवाईक सांगतात. पण विमानाचा प्रवास एका दिवसाचा असतो. तिथली रेल्वे मात्र रोजची आहे. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून आज आम्ही त्यावर लिहीत आहोत.

आपल्या सवयी तिथे महाग पडतात

आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, दारात उभे राहतो, गाडी सुटली की डबा उघडतो. दुबई मेट्रोमध्ये डब्यात किंवा स्टेशनात खाल्ले-प्यायले, अगदी च्युइंगम चघळले तरी 100 दिरहम दंड आहे. सीटवर पाय ठेवला तरी तेवढाच. विनातिकीट सापडल्यास 200 दिरहम. तिथे 'नोल' नावाचे कार्ड चालते. आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा ते टेकवावे लागते. बाहेर पडताना विसरले तर भाड्याचा हिशेब बिघडतो.

दुबई मेट्रोत महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे. खाली गुलाबी पट्टी आखलेली असते. ती ओलांडून पुरुष आत गेला तर 100 दिरहम दंड, मग सोबत बायको-मुले असली तरी. म्हणून कुटुंबाने एकत्र बसायचे असेल तर साध्या डब्यात बसावे. रियाधची मेट्रो डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यात कुटुंबांचा आणि एकट्या पुरुषांचा भाग वेगळा आहे. चढण्याआधी दारावरची पाटी वाचा.

स्टेशन चुकले म्हणून चेन ओढायची सवय कुणाला असेल तर ती इथेच सोडून जावी. दुबईत आपत्कालीन बटणाचा गैरवापर केल्यास 2000 दिरहम दंड आहे. स्टेशन गेले तर जाऊ द्या. पुढच्या स्टेशनवर उतरा आणि उलट दिशेची गाडी पकडा, दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट. तिथली दारे आपोआप बंद होतात. एक जण आत आणि दुसरा फलाटावर, असे हमखास होते. लहान मूल सोबत असेल तर काळजाचे पाणी होते. त्यासाठी घरात आधीच ठरवून ठेवा: जो आत गेला त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचे, जो मागे राहिला त्याने पुढच्या गाडीने यायचे. दोघांनीही इकडे-तिकडे शोधत फिरायचे नाही. मुलाच्या खिशात वडिलांचा तिथला मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

मक्का-मदीना रेल्वे

उमराहला जाणाऱ्यांसाठी आणि सौदीत राहणाऱ्यांसाठी हरमैन हाय स्पीड रेल्वे 2018 मध्ये सुरू झाली. मक्का, जिद्दा, जिद्दा विमानतळ, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी आणि मदीना अशी पाच स्टेशने आहेत. मार्ग सुमारे 450 किलोमीटरचा आणि वेग ताशी 300 किलोमीटरपर्यंत. तिकिटावरचा पासपोर्ट किंवा इकामा नंबर बरोबर आहे का ते आधीच तपासा. गाडी सुटण्याच्या आधीच गेट बंद होते, त्यामुळे धावत जाऊन चढण्याचा प्रश्नच नाही.

मदीनेहून उमराहसाठी निघणाऱ्यांचा मीकात जुल-हुलैफा म्हणजे अबयार अली आहे. बस तिथे थांबते, रेल्वे थांबत नाही. म्हणून गुस्ल करून, इहराम बांधूनच स्टेशनवर जावे लागते. नियत नेमकी कुठे करायची ते आपल्या मौलानांना किंवा ग्रुप लीडरला निघण्याआधी विचारून घ्या. डब्यात एसी जोरात असतो, तेव्हा वयस्कर मंडळींनी अंगावर घ्यायला न शिवलेली जादा चादर जवळ ठेवावी.

युरोपात जाणाऱ्या मुला-मुलींसाठी

जर्मनीत अनेक स्टेशनांवर आत जायला गेटच नसते, म्हणून तिकीट लागत नाही असा समज होतो. तपासनीस साध्या कपड्यातही येतो आणि विनातिकीट सापडल्यास 60 युरो घेतो. काही तिकिटे काढल्यावर मशीनमध्ये टाकून शिक्का मारावा लागतो. शिक्का नसला तर ते तिकीट नसल्यासारखेच.

पर्द्याबाबत स्पष्ट बोलायला हवे. डोक्यावरच्या स्कार्फला रेल्वेत कुठेही अडचण नाही. पण चेहरा झाकणाऱ्या नकाबवर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये 2011 पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे. ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कमध्येही तशी बंदी आली. नेदरलँड्समध्ये 2019 पासून रेल्वे-बसमध्ये बंदी आहे. ब्रिटनमध्ये अशी बंदी नाही. ज्या मुली नकाब घेतात, त्यांनी देश निवडतानाच याचा विचार करावा. सीमा ओलांडणाऱ्या गाडीत बसल्यावर कळून उपयोग नाही.

मोठ्या शहरांत खिसेकापू असतातच. दार बंद होता होता हातातला मोबाईल हिसकावून उतरायचे, ही त्यांची ठरलेली रीत. दाराजवळ मोबाईल काढू नका, पाठीवरची बॅग गर्दीत पोटाशी घ्या. पासपोर्ट मोठ्या बॅगेत कधीच नाही, अंगावर. रात्री रिकाम्या डब्यात बसू नका, चार माणसे असतील तिथे बसा. लांबच्या प्रवासात हलाल जेवण मिळेलच असे नाही. जिथे खायला परवानगी आहे तिथे घरचा डबा आणि खजूर बरे. नमाजची वेळ बघूनच गाडी निवडा, आणि वाट अडेल अशा जागी जानमाज अंथरू नका.

कुणी त्रास दिला तर

स्कार्फ बघून, दाढी बघून कुणी वेडेवाकडे बोलले तर आपली मुले घरी सांगत नाहीत. "अम्मी घाबरेल, परत बोलावून घेईल," ही भीती असते. म्हणून जाण्याआधीच सांगून ठेवा की तू सांग, आम्ही घाबरणार नाही.

वाद घालू नका. जागा बदला, डब्याचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, मग तक्रार करा. ब्रिटनमध्ये रेल्वे पोलिसांना 61016 वर मेसेज करता येतो. बोलावे लागत नाही, त्यामुळे समोरच्याला कळत नाही. जीवाला धोका असेल तर 999. धर्मावरून त्रास देणे तिथे गुन्हा म्हणून नोंदवले जाते. युरोपात 112, दुबईत पोलिसांसाठी 999, मक्का आणि रियाध भागात 911.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. तिथून मिळणारे इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यासाठी असते. तिथेच राहायचे असेल तर नवा पासपोर्टच मागावा. अमिरातीत अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी 800 46342 हा मोफत नंबर आहे. हे नंबर मोबाईलमध्ये तर ठेवाच, पण कागदावरही लिहा, कारण चोरीला जातो तो मोबाईलच.

सफरची दुआ आपण पढतोच. पण आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही शिकवणही आपलीच आहे. ज्यांच्या घरातून कुणी निघणार आहे, त्यांनी आज रात्री जेवताना हे सगळे एकदा बोलून घ्यावे. इन्शाअल्लाह, मुलगा सुखरूप पोहोचेल आणि इकडे अम्मीलाही शांत झोप लागेल.