पाच दिवसांची क्रूझ, पण बेटावर किती तास? लक्षद्वीपचं तिकीट काढण्याआधी हे गणित समजून घ्या

अमरावती-अकोल्याकडून समुद्र पाहायचा तर आधी रात्रभर रेल्वे. त्यामुळे ‘मुंबईहून थेट लक्षद्वीप, जेवण-खाण, शो सगळं तिकिटात’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली की घरातल्या ग्रुपवर ती लगेच फॉरवर्ड होते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या दौऱ्याचे फोटो आले आणि लक्षद्वीपची चौकशी आणखी वाढली.

पण तिकीट काढताना आपण केबिन बघतो, किंमत बघतो आणि एक प्रश्न विचारायचा राहतो: बेटावर प्रत्यक्ष किती वेळ मिळणार? आणि त्या वेळात तिकिटातल्या गोष्टी कोणत्या, वेगळे पैसे देऊन घ्यायच्या कोणत्या? याचं उत्तर आधी काढलं नाही, तर पैसे दोनदा जातात आणि बेट मात्र धावतपळत बघावं लागतं.

पर्याय कोणते आहेत?

पहिला पर्याय मुंबईहून. ‘कॉर्डेलिया’ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून भारतात प्रवासी सफरी करतंय. ११ डेक, सुमारे १,८०० प्रवासी. म्हणजे समुद्रावर तरंगणारं एक मोठं हॉटेलच. मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप अशा त्याच्या सफरी असतात.

दुसरा पर्याय कोचीहून. लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम’ ही पाच दिवसांची सहल. ‘एम. व्ही. कवरत्ती’ या जहाजातून कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं. दिवसा बेटावर, दुपारचं जेवण बेटावरच आणि रात्री मुक्काम जहाजात. या जहाजाला क्रूझसारखा थाट नाही, पण जमिनीवरचा वेळ जास्त मिळतो. चालू हंगामाच्या तारखा मात्र लक्षद्वीप पर्यटन विभागाच्या अधिकृत वेबसाइटवरच तपासा.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये मोसमी पाऊस आला की समुद्र खवळतो.

पाच दिवसांत बेट किती?

मुंबई-लक्षद्वीप-मुंबई अशा चार रात्रींच्या सफरीचा साचा साधारण असा असतो: पहिल्या दिवशी संध्याकाळी जहाज सुटतं, दुसरा दिवस पूर्ण समुद्रात, तिसऱ्या दिवशी बेट, चौथा दिवस पुन्हा समुद्रात आणि पाचव्या दिवशी सकाळी मुंबई. म्हणजे पाच दिवसांत बेट एकच दिवस.

तो दिवसही पूर्ण मिळत नाही. लक्षद्वीपची बेटं प्रवाळांची. भोवती उथळ पाण्याचं लगून आणि प्रवाळाची कड असते. मोठं जहाज आत जाऊ शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं. तिथून प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. शेकडो लोकांना असं उतरवायला वेळ लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा जहाजाने सकाळी ८ वाजता नांगर टाकला आणि परतीची शेवटची बोट दुपारी ३.३० ला आहे. कागदावर साडेसात तास झाले. आता वजाबाकी करा:

• रांग, टोकन, बोट, किनारा: दीड तास. म्हणजे ९.३० ला पाय वाळूत.
• शेवटच्या बोटीआधी धक्क्यावर पोहोचायला ४५ मिनिटं राखून ठेवा. म्हणजे २.४५ ला आवराआवर संपलेली हवी.
• जेवण आणि कपडे बदलणं: सव्वा तास.

हातात उरले चार तास. यात स्नॉर्केलिंगला दोन तास, काचेच्या तळाच्या बोटीला एक तास आणि किनाऱ्यावर निवांत बसायला एक तास. बस्स. यात स्कुबाही बसवायचा म्हटलं, तर वरचं काहीतरी सोडावंच लागेल.

आधी तिकिटातलं, मग विकतचं

नियोजन करताना बहुतेक जण उलटं करतात. आधी ॲक्टिव्हिटी बुक करतात आणि मग कळतं, त्याच वेळेला पॅकेजमधलं जेवण किंवा कार्यक्रम आहे. सोपी पद्धत अशी:

१. बुकिंगच्या कागदात ‘समाविष्ट’ आणि ‘समाविष्ट नाही’ या दोन याद्या असतात. त्या आधी वाचा. ठरावीक उपाहारगृहांतलं जेवण, पूल, काही शो सहसा तिकिटात असतात. मद्य, स्पा, इंटरनेट आणि बेटावरची सहल यांचे पैसे सहसा वेगळे.

२. ज्यांची वेळ पक्की आहे अशा समाविष्ट गोष्टी एका कागदावर तासांनुसार मांडा. रात्रीचा शो, जेवणाची पाळी, बेटावरचं जेवण.

३. उरलेल्या मोकळ्या चौकटीतच विकतची ॲक्टिव्हिटी बसवा. बेटाच्या पॅकेजमध्ये स्नॉर्केलिंग असेल, तर तेच वेगळं घेऊ नका. चार जणांच्या कुटुंबात ही चूक चारपट महाग पडते.

४. पूल, खेळ, स्पा हे सगळं समुद्रातल्या दिवसांसाठी ठेवा. बेटाच्या आदल्या रात्री उशिराचा शो टाळला तरी चालेल. सकाळची पहिली बोट जास्त मोलाची.

पाण्यातले खेळ जेवणाआधी उरकावेत. भरल्या पोटी पाण्यात उतरणं त्रासाचं आणि दुपारचं ऊनही कडक असतं. स्कुबा करणार असाल तर त्यानंतर १८ तास विमानप्रवास टाळावा, असं डायव्हिंगमधले जाणकार सांगतात. कोचीला उतरून लगेच विमान पकडणाऱ्यांनी हा हिशोब आधीच करावा.

‘समुद्रम’मध्ये काय निवडाल?

तीन बेटं तीन स्वभावांची. कवरत्ती ही राजधानी. तिथली उज्रा मशीद लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. कल्पेनी शांत, उथळ लगूनसाठी ओळखलं जातं. पोहायला येत नसेल तर कयाकिंग किंवा नुसतं पाण्यात बसणं इथे छान. मिनिकॉय सर्वांत दक्षिणेला. भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीच्या जवळची. लावा नृत्य इथलं. १८८५ मध्ये बांधलेलं दीपगृहही इथेच. तेव्हा कल्पेनीला पाणी आणि मिनिकॉयला दीपगृह-गाव अशी वाटणी केली, तर तिन्ही दिवस एकसारखे जात नाहीत.

आई-बाबा, आजी सोबत असतील तर?

जहाजातून हलत्या बोटीत उतरणं हा सगळ्यांत अवघड भाग. कर्मचारी हात देतात, पण गुडघेदुखी असलेल्यांना लाटेवर वर-खाली होणाऱ्या बोटीत पाय टाकणं जड जातं. आजींना ते जमणार नसेल तर त्यांच्यासाठी बेटाची ॲक्टिव्हिटी बुक करू नका. पैसे परत मिळतील का, हे आधी विचारा. त्या दिवशी जहाज बरंच रिकामं असतं. डेकवर खुर्ची टाकून समुद्र बघत बसणं हाही चांगला बेत आहे.

समुद्र खराब असेल तर बोटी सोडतच नाहीत. तेव्हा बेट रद्द झालं तर काय, ही अट बुकिंगआधी वाचा.

परवाना, फोन, पैसे

• लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझच्या प्रवाशांचा परवाना सहसा कंपनी काढते, पण कागदपत्रं आगाऊ द्यावी लागतात. आधार आणि तिकिटावरचं नाव एकसारखं आहे ना, ते बघा.
• बंगारम वगळता लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. जहाजावरची बाटली बेटावर नेऊ नका.
• प्रवाळ उचलून आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मुलांना आधीच सांगा.
• खोल समुद्रात फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडू शकतो आणि बिल फुगतं. जहाज सुटलं की एअरप्लेन मोड.
• बेटावर रोख रक्कम सोबत असावी.

वऱ्हाडातून जहाजापर्यंत

अमरावती-मुंबई एक्स्प्रेस संध्याकाळी निघून बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत सकाळी सीएसएमटीला पोहोचते. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच. कागदावर हे जुळतं, पण रेल्वे चार-पाच तास रखडली आणि चेक-इन बंद झालं, तर जहाज थांबत नाही. म्हणून एक दिवस आधी मुंबई गाठणं शहाणपणाचं. लॉजचा एका रात्रीचा खर्च बुडालेल्या तिकिटापेक्षा कमीच असतो. १६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, तेव्हा ती आठवड्यातून तीनच दिवस होती. त्यामुळे विमानाचा दिवस आणि जहाजाची तारीख जुळते का, ते आधी पाहा. परतताना जहाज सकाळी लागतं, त्यामुळे रात्रीची गाडी आरामात मिळते.

बुकिंगआधी हे पाच प्रश्न विचारा

बेटावर पहिली बोट किती वाजता आणि शेवटची किती वाजता? बेटाची सहल तिकिटात आहे की वेगळी? तिच्यात जेवण आणि स्नॉर्केलिंग धरलंय का? बोटी सुटल्या नाहीत तर परतावा किती? परवाना कोण काढणार?

ही उत्तरं तोंडी नकोत, ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी मागा. एजंट टाळाटाळ करत असेल, तर पैसे भरायची घाई करू नका.