वसीम अक्रमची शुगर

8 जून 1999 ला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर भारताने विश्वचषकात पाकिस्तानला हरवलं, ती मॅच आपल्याकडे अजून चवीने सांगितली जाते. पाकिस्तानचा कप्तान वसीम अक्रम तेव्हा इन्शुलिनवर होता, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. 1997 मध्ये, ऐन तिशीत, त्याला टाइप 1 मधुमेह निघाला. पुढच्याच वर्षी त्याच्या कप्तानीत लँकेशायरने नॅटवेस्ट ट्रॉफी आणि संडे लीग दोन्ही जिंकल्या.

टाइप 1 फक्त लहान मुलांना होतो, हा समज डॉक्टरांनाही चकवतो. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना 2012 मध्ये, 56 व्या वर्षी, आधी टाइप 2 असल्याचंच सांगितलं गेलं. गोळ्या लागू पडेनात, तेव्हा तो टाइप 1 असल्याचं कळलं.

प्रकार वयावरून ठरत नाही. शरीरात काय बिघडलंय त्यावरून ठरतो. टाइप 1 मध्ये आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. लहानपणी खाल्लेल्या पेढ्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. टाइप 2 मध्ये इन्शुलिन तयार होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि वर्षानुवर्षं ताण पडून उत्पादनही घटतं. मग काहींना इन्शुलिनचं इंजेक्शन सुरू होतं. इथे ब्रिटनमधल्या गणपतीत हमखास कुणीतरी हळहळतं, ‘काकूंना आता टाइप 1 झाला हो.’ काकूंचा टाइप 2 च आहे, फक्त औषध बदललंय. शंका असेल तर अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइडच्या रक्ततपासण्यांनी उलगडा होतो.

‘मी सडपातळ, मला टाइप 2 कशाला होईल?’ याला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये झकास उत्तर दिलं. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासोबतचा स्वतःचा फोटोच त्यांनी छापला. दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! म्हणून ब्रिटनमध्ये बीएमआयची धोक्याची पातळी गोऱ्यांसाठी 25, तर आपल्यासाठी 23 धरतात. जीपीने नुसतं पोटाकडे बघून ‘ठीक आहे’ म्हटलं, तरी एचबीए1सी ही रक्तातल्या साखरेची तपासणी करून मागावी.

राहिले ते ‘मधुमेह उलटवा’चे व्हॉट्सअॅप फॉरवर्ड. त्यात तथ्य आहे, पण ते टाइप 2 पुरतं. 2017 च्या ‘डायरेक्ट’ चाचणीत, देखरेखीखाली अतिकमी उष्मांकाचा आहार घेऊन वजन उतरवणाऱ्या गटातल्या 46 टक्के लोकांची शुगर वर्षभरानंतर औषधांशिवाय आटोक्यात होती. ही सगळी मंडळी टाइप 2 ची, निदान होऊन सहा वर्षांच्या आतली आणि इन्शुलिन न घेणारी. हेच वाचून टाइप 1 वाल्याने कारल्याच्या रसावर भिस्त ठेवून इन्शुलिन सोडलं, तर रक्तात कीटोन साचून एकदोन दिवसांत जिवावर बेततं. उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला गोडसर वास अशी लक्षणं दिसली की जीपीच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नये, थेट 999 ला फोन करावा.