चुलीचा धूर आणि आयाबहिणींचा दम

सोनईचा परिसर म्हणजे उसाचा पट्टा. मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की शिवारात तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात, तुटलेल्या फडात पाचट पेटते. थंडीच्या या दिवसांत घराघरांतून पहाटे खोकल्याची उबळ ऐकू येते. "वय झालं, दम लागायचाच," म्हणून घरची माणसे दुर्लक्ष करतात. हे बरोबर नाही.

रोज सकाळी खोकला व बेडका, कळशी उचलताना धाप, छातीत घरघर, दर हिवाळ्यात वाढणारा त्रास ही सीओपीडी या आजाराची लक्षणे असू शकतात. धुराने श्वासनळ्या वर्षानुवर्षे सुजून अरुंद होतात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. दमा बहुधा लहानपणापासून असतो व येतो-जातो. हा आजार बहुधा चाळिशीनंतर जाणवतो आणि मुक्कामाला राहतो.

"आई तर विडीला शिवली नाही, मग तिला कसा?" असे पुष्कळजण विचारतात. विडी हे मोठे कारण खरेच. परंतु पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. काटक्या, गोवऱ्या, पाचट यांचा धूर हे त्यामागचे मुख्य कारण. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरांत गॅस आला. पण टाकी भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. निदान चूल उघड्यावर मांडावी, तान्ह्या लेकराला धुराजवळ बसवू नये.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर आधी क्षयासाठी थुंकी तपासावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. क्षय नाही निघाला म्हणून मात्र घरी बसू नये. स्पायरोमेट्री या तपासणीत यंत्राच्या नळीत जोराने फुंकायचे असते. निदान त्यानेच पक्के होते. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छही दिसतो. नगरचे जिल्हा रुग्णालय किंवा लोणीचे प्रवरा रुग्णालय येथे छातीच्या डॉक्टरांकडे चौकशी करावी.

आजार मुळापासून जात नाही, पण उपचाराने दम कमी होतो. मुख्य औषध ओढायचे, म्हणजे पंप. "पंपाची सवय लागते" हा निव्वळ गैरसमज आहे. पंपातील औषध अगदी थोडे असते व थेट छातीत जाते. उलट, धाप लागली की दरवेळी स्टिरॉइडची गोळी वा इंजेक्शन घेत राहिल्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. यंत्रात घालायची कॅप्सूल काहीजण पाण्याबरोबर गिळतात! ती यंत्रात फोडून जोरात ओढायची आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. औषधात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरावी. रोजचा पंप बरे वाटले म्हणून बंद करू नये.

विडी आजच सोडावी. झेपेल तेवढे रोज चालावे, ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडावा. फ्लूची लस दरवर्षी घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पुरे होईना किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.