केस गळतात, पण दोष भाजी-भाकरीचा नाही

"टीचर, हिला जरा समजावा. शाळेत यायला नको म्हणते."

गेल्या नोव्हेंबरात एक अम्मी आमच्या नववीच्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या. मागे मुलगी मान खाली घालून. अम्मींनी पिशवीतून कागदाची पुडी काढून उघडली. आत केसांचा गुंता होता. म्हणाल्या, "हा एका आठवड्याचा. वेणी अर्धी राहिली. मैत्रिणी हसतील म्हणून ओढणी वर्गातसुद्धा सैल करत नाही. आमच्याकडे हल्ली गोश्त महिन्यातून एखाद-दोनदाच होते. शेजारीण म्हणते, नुसत्या डाळ-भाजीवर राहिले की केस असेच जातात. दोन बाटल्या तेल आणले, साडेसहाशे रुपये गेले, फरक नाही."

आम्ही जळगावात शिकवतो, माहेर धुळ्याचे. दोन्हीकडे हा समज आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गोश्त-अंडी खाणाऱ्यांचे केस दाट आणि शाकाहारी माणसाचे विरळ, असे आपल्या घरांत सहज बोलले जाते. पण आमच्या गल्लीतल्या काकूंनी आयुष्यात मांसाला हात लावलेला नाही, आणि साठीतही त्यांचा अंबाडा मुठीत मावत नाही. उलट आठवड्यातून दोनदा गोश्त शिजणाऱ्या घरांतल्या मुलींच्या वेण्या आम्ही शाळेत बारीक होताना पाहिल्या आहेत. मग खरे कारण काय?

केस कशावर वाढतो?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले रोज ५० ते १०० गळणे ही काळजीची गोष्ट नाही. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. वाढीचा वेग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर.

केस बनतो प्रथिनांपासून. त्याच्या मुळाशी पेशी फार वेगाने तयार होत असतात आणि त्यांना लोह व जस्त लागते. शरीरात या गोष्टींचा तुटवडा पडला, की शरीर आधी हृदय, मेंदू, स्नायू सांभाळते. केसांचा नंबर शेवटी लागतो. खूप केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर असेच होते. म्हणून आज कंगव्यात केस दिसले, तर कारण तीन महिन्यांमागे शोधावे. आणि उपाय आज सुरू केला तरी फरक दिसायला काही महिने लागतात. पंधरा दिवसांत केस उगवण्याचे वचन देणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवू नये. तेलाने केस मऊ होतात, तुटणे कमी होते, पण लोहाची कमतरता तेलाने भरून निघत नाही.

ओढणी किंवा हिजाबमुळे केस गळतात, हेही खरे नाही. वेणी रोज ओढून घट्ट बांधली तर कपाळाजवळचे केस जातात, हे मात्र खरे. केस वाळवून, सैल बांधून ओढणी घ्यावी.

शेजारच्या जिल्ह्यातला धडा

आहाराचा केसांशी किती जवळचा संबंध आहे, हे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याने दाखवले. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड अशा गावांत माणसांचे केस नुसत्या हाताने ओढले तरी निघू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडले. बाया, पुरुष, लहान मुले, कोणीच सुटले नाही. सुरुवातीला पाण्यावर, साबण-शाम्पूवर, बुरशीवर संशय गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन रक्ताचे, पाण्याचे, धान्याचे नमुने घेऊन गेले. विंचूदंशावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तिथे जाऊन नमुने तपासले. गावकरी खात असलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आणि रुग्णांच्या रक्तात जस्त कमी, असे त्यांनी मांडले.

सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी सूक्ष्म प्रमाणात. जास्त झाले की केस आणि नखे जातात. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या जास्त घेतल्या तरी केस गळतात. म्हणून "केसांसाठी" म्हणून मिळणाऱ्या गोळ्या कोणी सांगितल्या म्हणून खाऊ नयेत. कमी काय आहे ते आधी तपासावे.

खान्देशच्या ताटात काय आहे?

आता त्या अम्मींच्या प्रश्नाकडे येऊ. गोश्त नसेल तर केसांना लागणारे मिळते का? मिळते, पण ताट विचारपूर्वक वाढावे लागते.

गोश्तातले लोह शरीर सहज घेते. धान्य, डाळी, पालेभाज्यांतले लोह कमी प्रमाणात घेते. शाकाहाराची खरी अडचण एवढीच आहे, आणि तिच्यावर उपाय आहेत. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो असला की भाजीतले लोह जास्त शोषले जाते. जेवणासोबत चहा घेतला की ते बरेच वाया जाते. आपल्याकडे सकाळी चहा-टोस्ट आणि जेवण संपते न संपते तोच चहाचे आधण. चहा आणि जेवण यांत किमान एक तास ठेवावा. रमजानमध्येही इफ्तारला खजूर-फळे आणि जेवण आधी, चहा तरावीहच्या सुमारास, असे जमवता येते.

प्रथिनांसाठी आपल्या आज्यांनी फार छान सोय करून ठेवली आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले असतात. धान्याच्या प्रथिनात जे कमी असते ते डाळ भरून काढते, आणि डाळीत जे कमी ते धान्य. घोटलेली उडदाची डाळ, डाळीचे फुणके आणि कढी, शेंगदाण्याची चटणी हे सगळे त्याच कामाचे. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात. जळगाव डाळमिलचे शहर, तरी कित्येक घरांत डाळ इतकी पातळ होते की ताटात पिवळे पाणीच दिसते. हिवाळ्यात बाजरीची भाकरी करावी. तिच्यात पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट लोह असते. मेथी, शेवग्याचा पाला, लाडूत हाळीव आणि तीळ हेही उपयोगी.

जळगावच्या केळ्यांचा आम्हाला अभिमान आहे. केळे खावे, ताकद देते. पण केळ्याने रक्त वाढते ही समजूत सोडावी, त्यात लोह फारच थोडे असते.

एक गोष्ट मात्र वनस्पतींतून मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. त्याच्या कमतरतेनेही रक्तक्षय होतो. गोश्त-अंडी नसतील तर दूध, दही, ताक रोज हवे. अंडे परवडते आणि चालते त्या घरात अंड्याइतके सोपे दुसरे काही नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिने असतात.

बोटी कोणाला, शोरबा कोणाला?

ज्या घरात गोश्त शिजते तिथल्या मुलींचे केस का गळतात? वाढताना कोणाच्या ताटात काय पडते ते पाहा. बोट्या अब्बांना आणि मुलांना, शोरब्यात भिजवलेली भाकरी अम्मीला आणि मुलींना. आम्हीही आमच्या घरात वर्षानुवर्षे असेच वाढले. कोणी सांगितले नव्हते, सवयच होती. पाळी सुरू झालेल्या मुलीच्या शरीरातून दर महिन्याला लोह जाते. तिची गरज भावापेक्षा जास्त आणि तिचा वाटा मात्र कमी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यात शाकाहारी घरे आहेत तशी गोश्त खाणारीही आहेत.

निळी गोळी

त्या मुलीला आम्ही विचारले, "सकाळी काय खातेस?" म्हणाली, "चहा." "दुपारी?" "घरी गेल्यावर जेवते." आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळत होती. शासनाचा शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववीत आली आणि दुपारचे ते ताट बंद झाले, हे घरात कोणाच्या लक्षात आले नाही. आमच्याही नाही.

मग आम्ही तिला निळ्या गोळीबद्दल विचारले. १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींना शाळेतून आठवड्याला एक लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते. वाटण्याचे आणि नोंदवहीत खूण करण्याचे काम आमचेच. तिच्या नावापुढे प्रत्येक आठवड्याला खूण होती. ती रडायला लागली. एकदा रिकाम्या पोटी घेतली तर मळमळले, शौच काळी झाली, आजी घाबरल्या. तेव्हापासून ती गोळी दप्तरात टाकायची आणि घरी मोरीत सोडून द्यायची.

खुणा आम्हीच केल्या होत्या. गोळी गिळली का, हे एकदाही पाहिले नव्हते. अम्मींना आहाराबद्दल चार गोष्टी सांगण्याआधी ही चूक आम्हाला कबूल करावी लागली.

सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले, या वयात ते किमान १२ असावे. जिना चढताना धाप लागत होती, खेळाच्या तासाला ती बसून राहत होती, तेही आता उलगडले. केस गळाले नसते तर हे कोणी पाहिलेच नसते.

घरी काय करावे?

केस फार गळत असतील तर तेलाआधी हिमोग्लोबिन तपासावे. डॉक्टरांना थायरॉइड आणि बी-१२ बद्दलही विचारावे. सातपुड्याच्या पट्ट्यातील काही कुटुंबांत सिकलसेल आढळतो, म्हणून प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असेल असे धरू नये. निळी गोळी जेवणानंतर, पाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नाही. शौच काळी होणे निर्धोक आहे. जंताची गोळीही चुकवू नये. नववी-दहावीच्या मुलीला डबा द्यावा. भाकरी, घट्ट डाळ किंवा शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाची फोड एवढे पुरते. आणि वाढताना एकदा तिच्या ताटाकडे पाहावे.

ती मुलगी आता शाळेत येते. घरी गोश्त आजही महिन्यातून एखाद-दोनदाच होते, पण एक बोटी तिच्या ताटात पडते, आणि बाकीचे दिवस डाळ घट्ट असते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. वेणी अजून बारीकच आहे, पण कपाळाजवळ बोटभर नवे केस उभे राहिले आहेत. ते ओढणीत नीट बसत नाहीत, अशी तिची तक्रार असते.

गोळीच्या दिवशी आम्ही आता वर्गाला आधी डबा खायला लावतो. मग पाण्याची बाटली उघडायची, गोळी गिळायची, आणि त्यानंतरच नोंदवहीत खूण.