मेंदूचा राखणदार आणि एकच प्याला

मालगुंडचे नाव मराठी वाचकाच्या मनात केशवसुतांशी कायमचे निगडित झालेले आहे, आणि १८६६ साली जन्मलेल्या या कवीचे स्मारक तेथे उभे असल्यामुळे गणपतीपुळ्याहून येणारा प्रवासी त्या वास्तूपुढे घटकाभर थांबतोही. परंतु स्मारक पाहून झाल्यावर सभोवारच्या माडांकडे दृष्टी टाकणारा, आणि या झाडाचा आबकारी खात्याशी जडलेला संबंध आठवणारा, विरळाच. केशवसुत बारा वर्षांचे असताना, म्हणजे १८७८ साली, मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला, आणि माडाची पोय बांधून, तिच्या टोकाचा पातळ काप काढून, खाली मडके अडकवून रस उतरविण्याचा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा परवान्याच्या आणि झाडपट्टीच्या जाळ्यात अधिकच गुरफटला. ताजा रस गोड असतो. मडक्याच्या कडेला राहिलेले किण्व त्यात मिसळले, की काही तासांतच त्याची माडी होते. सरकारने झाड मोजले, मडके मोजले, महसूल जमा केला; पिणाऱ्याच्या मस्तकात पुढे काय घडते, याची तहकीकात करणे हे त्या खात्याचे काम नव्हते.

ते काम आपल्याकडे नाटककाराने अंगावर घेतले. केशवसुतांना गुरुस्थानी मानणाऱ्या गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. वकिलीच्या सनदेवर गदा आल्याच्या अपमानाने पोळलेला त्यातला सुधाकर तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो, आणि पहिल्याने दुसऱ्याची वाट मोकळी होते. का होते, याचे उत्तर त्या काळी मनोदौर्बल्य, कुसंगती आणि प्रारब्ध यांच्या पलीकडे जाणे शक्य नव्हते.

योगायोग असा, की त्याच १९१९ साली माद्रिदमध्ये पिओ देल रिओ ओर्तेगा या शास्त्रज्ञाने मेंदूतील एका सूक्ष्म पेशीसमूहाचे स्वतंत्र वर्णन करून त्याला ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. या पेशी विचार करीत नाहीत, संदेशही वाहत नाहीत. कोकणातल्या गावांच्या राखणदार दैवताप्रमाणे त्या आपली हद्द राखतात, बारीक शाखा पसरून आसपासची चाचपणी करीत राहतात, आणि जंतू किंवा मृत पेशींचे अवशेष आढळताच दाहजनक प्रथिने सोडतात. राखणदाराला आपण वर्षाकाठी कोंबडा आणि दारू देतो आणि तो संतुष्ट होतो अशी समजूत आहे. मेंदूतला राखणदार मात्र दारूने चवताळतो. मद्याने आतड्याचे अस्तर सैल होते, तेथील जिवाणूंच्या कवचातील विषद्रव्य रक्तात उतरते, यकृत आणि रक्तपेशी दाहाचे संदेश सोडतात, आणि ते मेंदूपर्यंत पोहोचतात. ते विषद्रव्य ओळखणारा पेशीवरचा ग्राही म्हणजे टीएलआर-४. त्याची ओळख १९९८ साली ब्रूस बॉइटलर यांनी पटविली आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात ते भागीदार झाले.

याच सुमारास ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात मार्क हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. मद्य टोचलेला उंदीर सावकाश फिरणाऱ्या दांड्यावर ठेवला तर तो तोल जाऊन पडतो; मात्रा वाढविली तर उताणा पडतो आणि पुन्हा पालथा होण्यास त्याला बराच वेळ लागतो. टीएलआर-४ चा जनुक नसलेले, किंवा औषधाने तो ग्राही रोखलेले, उंदीर मात्र लवकर सावरले. मद्य तेच आणि मात्राही तीच. तेव्हा ज्या झोकांड्यांना आपण निव्वळ दारूचा अंमल समजत आलो, त्यांत प्रतिकारयंत्रणेचाही हिस्सा असावा.

परंतु झिंग निराळी आणि तलफ निराळी, आणि या बाबतीत पुरावा एकमुखी नाही. टेक्सास विद्यापीठातील ब्लेडनॉव्ह आणि हॅरिस यांच्या प्रयोगशाळेत त्या जिवाणुजन्य विषद्रव्याच्या एकाच टोचणीनंतर उंदीर पुष्कळ दिवस अधिक मद्य पीत राहिले, आणि प्रतिकारयंत्रणेशी संबंधित काही जनुके काढून टाकलेले उंदीर कमी पिऊ लागले. उलट २०१७ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पाहणीत एकट्या टीएलआर-४ च्या अभावाने अतिरेकी मद्यपान घटत नसल्याचे आढळले. एकच ग्राही पकडून सगळा मुकदमा निकालात काढू पाहणाऱ्यांना ही चपराक योग्यच होती. राखणदार अनेक आहेत आणि त्यांचे इशारेही अनेक. शिवाय मानसिक ताणानेही याच पेशी चाळवतात, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. म्हणजे सुधाकराच्या मेंदूतली ही हालचाल प्याल्याची वाट न पाहता, सनदेच्या अपमानापासूनच सुरू झाली असण्याचा संभव आहे.

माणसांविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. ‘हे’ आणि क्रूज या दोघा संशोधकांनी २००८ साली मद्यासक्त मृतांच्या मेंदूंत दाहाचा एक संदेशवाहक आणि मायक्रोग्लियाच्या उत्तेजनाच्या खुणा वाढलेल्या दाखविल्या. त्या खुणा व्यसनाचे कारण की परिणाम, हे मृत मेंदू सांगू शकत नाही. जपानात दम्यावर वापरले जाणारे, मायक्रोग्लियाला शांत करणारे इब्युडिलास्ट हे औषध लॉस एंजेलिस येथील लारा रे यांच्या गटाने ५२ मद्यपींच्या चाचणीत दोन आठवडे वापरून पाहिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात अतिमद्यपानाच्या दिवसाची शक्यता ४५ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. दोन आठवडे हा व्यसनाच्या हिशेबात फारच अल्प अवधी. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्ण दाखल होतो तो महिनाभराच्या उपचारासाठी, आणि त्यानंतरचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालतो. अशा औषधाला खरी परीक्षा द्यावी लागेल ती त्या पाठपुराव्याच्या वर्षांत.