आपले पाणी पिणारे साष्टी बेट

बेट म्हटले की दूर समुद्रातले अंदमान किंवा मॉरिशस आठवते. पण एक मोठे बेट आपल्या अगदी शेजारी आहे, आणि शहापूर-मुरबाडच्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी त्यावर जाऊन आलेले आहे. आसनगावला किंवा कल्याणला लोकलमध्ये बसावे, कळव्याच्या पुढे खाडीवरचा पूल ओलांडावा, की आपण साष्टी बेटावर उतरतो. जुने ठाणे, मुलुंड, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, भाईंदर ही सारी साष्टीवरचीच गावे.

बेटाची रचना

साष्टीच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी. माहीमच्या पलीकडे मुंबईची जुनी सात बेटे. सहासष्ट गावांचा मुलूख म्हणून साष्टी हे नाव पडले, असे सांगतात.

या बेटाशी आपले पाण्याचे नाते जुने आहे. शहापूरची भातसा काळूला मिळते. माळशेजच्या बाजूने मुरबाडमधून आलेली काळू टिटवाळ्यावरून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. उल्हासचा मोठा प्रवाह वसईच्या खाडीत जातो, तर एक चिंचोळा फाटा ठाण्याच्या खाडीत उतरतो. म्हणजे या खोऱ्यात पडलेला पाऊस साष्टीला वळसा घालूनच समुद्राला मिळतो.

बेटाच्या मधोमध जंगलाचे डोंगर आणि कडेने सखल जमीन. या जमिनीवर भाताची खाचरे होती, खाडीकाठी मिठागरे होती. कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, वारली आणि मराठी बोलणारे ख्रिस्ती शेतकरी इथे पिढ्यान् पिढ्या नांदले. त्यांचा संसार आपल्यासारखाच भातावर आणि पावसावर चालत असे.

राज्ये आली आणि गेली

सातवाहनांच्या काळी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून मुरबाडमार्गे कल्याण बंदराला येई. पुढे शिलाहार राजांच्या काळी साष्टीवरचे ठाणे, म्हणजे तेव्हाचे श्रीस्थानक, भरभराटीला आले.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांना दिली. वसई हे त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे झाले. त्यांच्या राज्यात धर्माच्या नावाने जुलूम झाला. देवळे पाडली गेली. त्याच पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची, काजू, पेरू, पपई आणि अननस ही पिके आपल्या देशात आली. आज मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही, पण ती मूळची परदेशातली आहे.

जुलमाला कंटाळलेल्या लोकांनी पेशव्यांकडे धाव घेतली. अंजूरचे गंगाजी नाईक यांनी त्यासाठी फार खटपट केली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि बेटाचे रूप पालटू लागले. १९२० साली साष्टीचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. खाचरांवर चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या.

पाहण्यासारखे काय?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी शेतकऱ्याने मुद्दाम पाहावीत. काळ्या खडकात शंभरावर लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली आणि पुढे हजारभर वर्षे बौद्ध भिक्षू इथे राहिले. मूर्ती पाहून झाल्या की लेण्यांच्या दारातली पाण्याची टाकी पाहा. डोंगरावरून वाहणारा पाऊस खडकात खोदलेल्या चरांनी या टाक्यांत आणला आहे. त्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे आणि पोढी खोदून देणाऱ्या दात्यांची नावेही कोरून ठेवली आहेत. पाणी साठवून देणे हे तेव्हा पुण्यकर्म होते.

याशिवाय जोगेश्वरी आणि मंडपेश्वर लेणी, घोडबंदरचा किल्ला व ठाण्याचे कोपिनेश्वराचे देऊळ आहेच. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे.

बेटाची तहान

शहर वाढले तसे पाणी पुरेना. आधी बेटावरच १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव झाला. तेही अपुरे पडल्यावर नजर आपल्या तालुक्याकडे वळली. १८९२ साली शहापूरमध्ये तानसा धरण झाले, नंतर वैतरणेवरची धरणे झाली आणि पुढे भातसा. भातसाचे पाणी नदीतून पिसे येथे येते, तेथून पंपाने उचलून शहराकडे जाते. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा आहे.

ज्या तालुक्यात ही धरणे आहेत, त्याच शहापूरच्या कित्येक गावपाड्यांत चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या आयाबहिणींना हे सांगायला नको. मुरबाडमध्ये काळू नदीवर धरणाचा घाट घातला गेला. त्याचे काम २०१२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले होते, पण विषय संपलेला नाही.

शहरातली माणसेही आपलीच आहेत. त्यांना पाणी मिळायलाच हवे. पण धरणाखालच्या आणि धरणाकाठच्या गावांचा हक्क आधी लिहून घ्यायला हवा. तो ग्रामसभेत मांडावा, ठराव करून पाठवावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. आपल्या हातातले कामही आहे. दोन-अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात बांध, शेततळे आणि जुन्या विहिरींचा गाळ काढणे एवढे तरी उन्हाळ्यात करता येते.

तेव्हा भातकापणी आटोपली की मुलाबाळांना घेऊन एकदा कान्हेरीला जाऊन या. आपल्यासारखाच पाऊस झेलणाऱ्या त्या डोंगरावर माणसांनी थेंबन् थेंब कसा अडवला, हे मुलांना दाखवा.