जुन्या कॉम्प्युटरवर गेम अडकतोय? नवीन घेण्याआधी हे करून बघा

मलकापूर : आपल्या शाहूवाडी तालुक्यात पाऊस लागला की पोरांचं मैदान बंद होतं. मग मोबाईल, नाहीतर घरातला जुना कॉम्प्युटर. आमच्या घरीही तेच. पोरगं अकरावीला. त्याच्या मित्राकडं जीटीए फाईव्ह मस्त पळतो आणि आमच्याकडं गाडी वळणावर आली की पडदाच थांबतो. "पप्पा, नवीन पीसी घेऊया" हा धोशा महिनाभर चालला. दुकानात दाखवला तर "हा भंगारात घाला, पन्नास हजारांत नवीन बसवून देतो" असं उत्तर मिळालं. पन्नास हजार म्हणजे आमच्या उसाच्या बिलातला मोठा तुकडा. त्यातून सोसायटीचं कर्ज, खत, लागण सगळं भागवायचं असतं. म्हणून म्हटलं, आधी दुखणं कुठं आहे ते बघू.

आमचा पीसी म्हणजे चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तालुक्यात अनेक घरांत आणि दुकानांत अशीच मशीन असतील, म्हणून केलेलं सगळं सांगतो.

आधी अडतंय कुठं ते शोधा

मोटर पाच एचपीची बसवली आणि पाईप दीड इंची ठेवला तर पाणी पाईपाएवढंच येणार. कॉम्प्युटरचंही तसंच. एक भाग कमी पडला की बाकीचे नुसते वाट बघत बसतात.

गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि आकडे बघा.

डिस्क सारखी १०० टक्के असेल तर हार्ड डिस्क मागं पडतेय. मेमरी ९० च्या वर असेल तर रॅम कमी आहे. जीपीयू १०० असेल तर चित्र काढण्याचा भार झेपत नाही. सीपीयू १०० असेल तर प्रोसेसर दमलाय, नाहीतर मागं दुसरंच काहीतरी चालू आहे. आमच्याकडं डिस्क आणि मेमरी दोन्ही लाल. म्हणजे सगळं मशीन भंगार नव्हतं, दोन भाग कमी पडत होते.

फुकटातली कामं

पहिलं काम साफसफाई. मशीन बंद करा, वायर काढा, डबा अंगणात न्या आणि ब्लोअरनं धूळ उडवा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं जोरात फिरली तर पंखा खराब होतो. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. गेम पहिली दहा मिनिटं चांगला चालून मग अडकत असेल तर बहुतेक हेच कारण असतं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर जुनी पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा.

आंबा घाटाच्या या पट्ट्यात ओल फार. त्यानं रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो आणि मशीन मधेच बंद पडतं. रॅम काढून त्या पट्टीवर साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि परत घट्ट बसवा. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून गरम हवा निघायला जागा पाहिजे.

दुसरं काम, न लागणारे प्रोग्रॅम बंद करणं. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप म्हणून भाग आहे. मशीन सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम तिथं दिसतात. अँटिव्हायरस सोडून बाकी नको ते बंद करा. गेम खेळताना ब्राउझरही बंद ठेवा, कारण उघडलेलं एकेक पान रॅम खातं. पॉवर सेटिंगमध्ये हाय परफॉर्मन्स निवडा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर घ्यायचा तर इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडी या कंपनीच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या.

गेमच्या सेटिंगमध्ये काय बदलायचं

सगळ्यात जास्त फरक रिझोल्युशननं पडतो. १९२० बाय १०८० म्हणजे पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. १२८० बाय ७२० केलं की ते ९ लाख २१ हजार ६०० होतात. काम निम्म्याहून कमी झालं. चित्र थोडं भुरकट दिसतं, पण पळतं.

त्यानंतर सावल्या म्हणजे शॅडोज एकदम कमी करा, अँटी-अलायझिंग बंद करा, गवत आणि लांबचं दृश्य कमी ठेवा. वेग सारखा वर-खाली होत असेल तर सेकंदाला ३० चित्रांवर मर्यादा घाला. कधी ५० आणि कधी १५ यापेक्षा सरळ ३० डोळ्यांना बरे वाटतात.

थोडा पैसा कुठं घालायचा

आधी रॅम. पण त्याआधी विंडोज ६४ बिटचं आहे का ते सिस्टीमच्या माहितीत बघा. साधं ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही, मग पैसे पाण्यात. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून जुनी रॅम सोबत घेऊन दुकानात जा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्राचं कामही याच रॅममधून होतं. त्यामुळं ४-४ च्या दोन पट्ट्या टाकल्या तर ८ च्या एका पट्टीपेक्षा गेम बरा चालतो.

मग एसएसडी. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. गेम उघडायला लागणारा वेळ आणि मधले झटके यानं कमी होतात. सेकंदाला दिसणारी चित्रं मात्र फारशी वाढत नाहीत, हे घेण्याआधीच समजून घ्या.

ग्राफिक्स कार्ड शेवटी. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. मोठं कार्ड टाकलं तर पॉवर सप्लायही बदलावा लागतो. खर्च वाढत वाढत नव्या पीसीजवळ जात असेल तर थांबलेलं बरं.

हे मात्र करू नका

आमच्या पोरानं मला न सांगता एक "गेम बूस्टर" आणि फुकटातला क्रॅक केलेला गेम उतरवला होता. त्याच आठवड्यात कडवी नदीला पूर आला. मी भिजत जाऊन फोटो काढून आणले आणि बातमी पाठवायला बसलो तर पडद्यावर नुसत्या जाहिराती, मशीन हलेना. बातमी दुसऱ्या दिवशी गेली, तोवर पाणी उतरलं होतं. पोराला रागावलो. पण खरं तर त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

बूस्टरनं रॅम वाढत नाही. क्रॅक गेममधून आलेला व्हायरस बँकेचे पासवर्डही चोरू शकतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा. कोणतंही काम करण्याआधी फोटो, सातबारा, दाखले पेनड्राईव्हवर काढून ठेवा. जुनी डिस्क कधी जाईल सांगता येत नाही.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून गेमच्या जुन्या मशीनवर बँकेचे व्यवहार टाळलेले चांगले. आपल्याकडं पावसात लाईट सारखी जाते-येते, त्यामुळं छोटा यूपीएस लावाच.

शेवटी काय झालं

विंडोज नव्यानं टाकलं, ४ जीबीची जुनी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी घेतली. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत भागलं. दर बदलत असतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा. पूर्वी जीटीए फाईव्ह १० च्या आसपास चित्रांवर रखडायचा, आता ७२० वर सगळं कमी ठेवून २५ पर्यंत जातो. मित्राच्या पीसीसारखा नाही, पण गाडी वळणावर थांबत नाही. सॅन अँड्रियास आणि क्रिकेट ०७ तर लोण्यासारखे चालतात.

पोरानं सगळं स्वतःच्या हातानं उघडलं आणि बसवलं. परवा शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर साफ करून आला. नवीन पीसीचा विषय अजून काढतोच, पण आता "उसाचं बिल आल्यावर बघू" म्हटलं की ऐकतो.